वेरगिल्ड आणि वीते: एकाच खुनाचे दोन हिशेब

सुरुवातीच्या मध्ययुगातल्या युरोपात खून करूनही पैसे भरून मोकळं होता येत असे, हे वाचलं की आपण पटकन म्हणतो, ‘म्हणजे दंड भरायचा.’ गल्लत इथेच होते. दंड होता, पण मोठी रक्कम दंडाची नव्हतीच.

ती असे वेरगिल्डची. जुन्या इंग्रजीतला ‘वेर’ म्हणजे पुरुष, संस्कृत ‘वीर’ शब्दाचा भाऊबंद. वेरगिल्ड म्हणजे माणसाचं मोल, आणि ते मृताच्या नातेवाइकांना मिळे. इंग्लंडमधल्या केंट राज्याचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात स्वतंत्र माणसासाठी १०० शिलिंग ठरले होते. त्यातले २० कबर उघडी असतानाच द्यायचे, सगळी रक्कम ४० रात्रींत फेडायची. मला हा कबरीचा तपशील फार बोलका वाटतो. सुडाची भाषा जिथे सुरू होणार, तिथेच हातावर पैसे. इटलीतल्या लाँबर्ड लोकांचा राजा रोथारी याने ६४३ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या आणि कारणही लिहून ठेवलं: पैसे घेतल्यावर वैर संपावं.

मोल मात्र सगळ्यांचं सारखं नव्हतं. आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात स्वतंत्र फ्रँकसाठी २०० सॉलिडस (सोन्याची नाणी), रोमन जमीनदारासाठी १००, राजाच्या खास पथकातल्या माणसासाठी ६००. गुलाम मारला गेला तर भरपाई मालकाला.

दुसरी रक्कम राजाची. एथेलबर्टच्या कायद्यात त्याच खुनासाठी राजाला वेगळे ५० शिलिंग द्यावे लागत. पुढच्या इंग्लिश कायद्यांत राजाच्या दंडाला ‘वीते’ म्हणत. फ्रँकांकडे ‘फ्रेडस’ होता, म्हणजे शांततेचा मोबदला. भरपाईचा एक तृतीयांश हिस्सा. घरच्यांचं माणूस गेलं, राजाची शांतता मोडली, असे दोन हिशेब.

खरी गुंतागुंत वेसेक्स या दुसऱ्या इंग्लिश राज्याच्या राजा ईनच्या (६८८–७२६) कायद्यात दिसते. पकडलेल्या चोराने एक तर मरायचं, नाहीतर स्वतःचं वेरगिल्ड भरून जीव सोडवायचा. इथे मोल चोराचं स्वतःचं, आणि ते कोणा मृताच्या घरी जात नाही. नाव वेरगिल्डचं, काम शिक्षेचं. म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नये, पैसा कोणाच्या हातात पडला ते पाहावं.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजांनी खुनाचे खटले आपल्या न्यायालयात ओढले. खुन्याला फाशी, त्याची जंगम मालमत्ता राजाला. घरच्यांच्या हातात कबरीपाशी पडणारे पैसे बंद झाले.