ऑक्टोबरमधले होम रन फक्त स्टार खेळाडूंचेच?

बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरमधल्या मोसमाअखेरच्या बाद फेरीत, होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारायचे ते बड्या खेळाडूंनीच, बाकीचे नुसते जागा भरायला, असा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

१९७२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे प्लेऑफची अंतिम मालिका बघा. ओकलंडचा स्टार रेजी जॅक्सन दुखापतीमुळे बाहेर होता. तेव्हा मोसमात अवघे ५ होम रन मारणाऱ्या जीन टेनसने सिनसिनाटीविरुद्ध पहिल्या दोन्ही खेपांना चेंडू मैदानाबाहेर धाडला. ७ सामन्यांत त्याचे ४ होम रन झाले आणि ओकलंड जिंकलं.

हा निव्वळ नशिबाचा भाग नाही. मोठ्या फलंदाजाला मारण्याजोगा चेंडू पिचर (चेंडू टाकणारे) सहसा देतच नाहीत, त्यामुळे संधी इतरांना मिळते. २००२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टार बॅरी बाँड्सला १३ वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फटका न मारताच पहिला बेस) मिळाले, त्यातले ७ जाणूनबुजून दिलेले. तरी पठ्ठ्याने ४ होम रन मारले, पण सॅन फ्रान्सिस्को हरलं! सहाव्या सामन्यात ते ५-० ने पुढे असताना प्रतिस्पर्धी अनाहाइमच्या स्कॉट स्पिझिओने ३ धावांचा होम रन मारला आणि तिथून सामना फिरला.

टेनसने पुढच्याच मोसमात २४ होम रन मारले. ताकद त्याच्यात होतीच. आधी नियमित खेळायला मिळत नव्हतं, एवढंच.