एकचाकीला टायटॅनियम कशाला?

टायटॅनियमची फ्रेम ‘मऊ चालते’, रस्त्याचे हादरे पिऊन टाकते, असं सायकलवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत. दुचाकी सायकलवरही हा दावा वादाचाच आहे. एकचाकीवर मात्र तो उघड खोटा आहे आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राने पाच मिनिटांत तपासता येतो.

एकचाकीची फ्रेम म्हणजे काय ते आधी पाहू. चाकाच्या दोन बाजूंना दोन उभे पाय, त्यांना वर जोडणारा आडवा क्राउन, क्राउनवर सीटची नळी आणि खाली दोन्ही पायांच्या टोकांना बेअरिंग धरणाऱ्या खोबणी. बस्स. साखळी नाही, हँडल नाही, फ्रीव्हील नाही. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, थेट चाकाच्या धुऱ्यावर बसतात, त्यामुळे पाय थांबले की चाक थांबलं. लांब पल्ल्याला 36 इंची चाक वापरतात. ते एका फेरीत 2.87 मीटर जातं, म्हणजे ताशी 20 किलोमीटरसाठी मिनिटाला 116 फेऱ्या मारायच्या. हा सगळा सर्कशीतला खेळ वाटत असेल तर एक आकडा सांगतो: 2007 मध्ये ब्रिटनच्या सॅम वेकलिंग यांनी 24 तासांत 453.6 किलोमीटर एकचाकी चालवली.

आता हिशेब. पायाची नळी 25.4 मिलिमीटर व्यासाची, भिंत 0.9 मिलिमीटर जाड, लांबी 48 सेंटिमीटर धरू. स्वाराचं वजन 70 किलो आणि खड्ड्यात चाक आदळताना भार त्याच्या तिप्पट, म्हणजे 210 किलो. हा भार दोन्ही नळ्यांवर सरळ उभा येतो. टायटॅनियमच्या नळ्या किती दबतील? सुमारे 0.07 मिलिमीटर. पोलादाच्या असत्या तर 0.035. म्हणजे टायटॅनियमची ‘जास्तीची मऊ चाल’ आपल्या केसाच्या निम्म्या जाडीएवढी! त्याच भाराखाली टायर सेंटिमीटरभर दबतो. क्राउन मधोमध थोडा वाकतो, पण तोही धरला तरी आकडा टायरच्या जवळपास जात नाही. उभ्या खांबाला लवचीक म्हणणं म्हणजे विजेच्या खांबावर डुलकी काढण्यासारखं आहे. आराम हवा असेल तर टायरमधली हवा कमी करा किंवा सीट बदला, पैसेही वाचतील.

खरी गोष्ट आडव्या दिशेला आहे. पेडल मध्यरेषेपासून बारा-पंधरा सेंटिमीटर बाजूला असतं. उजवा पाय दाबला की चाक फ्रेमच्या तुलनेत एका बाजूला कलायला बघतं, डावा दाबला की दुसऱ्या. दुचाकीत हा ताण फ्रेमच्या त्रिकोणांत वाटला जातो. इथे त्रिकोणच नाही. क्राउनला लटकलेल्या दोन नळ्या तेवढ्या आहेत. त्या लवल्या तर प्रत्येक दाबाला रिम ब्रेकच्या पॅडला घासते आणि सीटखाली काहीतरी गिळगिळीत हलतंय असं वाटत राहतं. मिनिटाला 116 फेऱ्या म्हणजे दोन्ही पायांचे मिळून तासाला जवळजवळ 14,000 दाब.

आणि इथेच टायटॅनियम मागे पडतं. यंगचा गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, पाहा: पोलाद साधारण 205 गिगापास्कल, टायटॅनियम 105 च्या आसपास, अॅल्युमिनियम 69. म्हणजे त्याच मापाच्या नळीत टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्मा. घनता मात्र याच क्रमाने उतरते: दर घन सेंटिमीटरला 7.85, 4.5 आणि 2.7 ग्रॅम. गुणांकाला घनतेने भागलं तर तिन्ही धातूंचं उत्तर 23 ते 26 च्या घरात येतं. निसर्गाने इथे कोणालाच झुकतं माप दिलेलं नाही. दर ग्रॅममागे मिळणारा ताठपणा तिघांचा जवळपास सारखाच. फरक पडतो तो धातू कोणत्या आकारात पसरला यावर.

पातळ नळीचा वाकण्याला विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 25.4 ऐवजी 31.8 मिलिमीटरची टायटॅनियम नळी घेतली, भिंत तीच 0.9 ठेवली, तर ताठपणा थेट दुप्पट होतो आणि पोलादाच्या जुन्या नळीची बरोबरी करतो. वजन मात्र पोलादाच्या 72 टक्केच. सव्वा इंची नळी मागायची ती एवढ्यासाठी. एक इंची पोलादी फ्रेमची हुबेहूब टायटॅनियम नक्कल बनवून घेतलीत, तर महागडं डुगडुगणारं खेळणं हातात येईल.

‘72 टक्के’ ऐकून हुरळून जाऊ नका. दोन्ही पायांच्या पोलादी नळ्यांचं वजन सुमारे 520 ग्रॅम भरतं. टायटॅनियमच्या जाड नळ्यांचं 375. वाचले दीडशे ग्रॅम. 36 इंची टायर एकटाच दीड किलोच्या पुढे असतो, शिवाय तो फिरतो. परिघावरचं वजन पुढेही न्यावं लागतं आणि गरगर फिरवावंही लागतं, त्यामुळे वेग वाढवताना त्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट मोजावी लागते. एकचाकीवर तोल सांभाळण्यासाठी वेग क्षणोक्षणी कमी-जास्त करावाच लागतो. वजन कमी करायचंय? मग पहिला रुपया टायर, ट्यूब आणि रिमवर खर्च करा, फ्रेमवर शेवटचा.

आराम नाही, वजनातही फारसं काही नाही. मग लोक ही फ्रेम का बनवून घेतात? मला पटणारी कारणं तीन. पहिलं, टायटॅनियम गंजत नाही. घाम, पावसाचं पाणी, समुद्राची खारी हवा, कशाचाच त्याला फरक पडत नाही आणि रंग लावायची गरज नाही. दुसरं, धातूचा थकवा. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद आणि टायटॅनियम जवळपास कितीही वेळा सोसतात. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, तिथे लहान ताणही साठत जातो. तासाला 14,000 दाब आठवा. तिसरं कारण कारागिराच्या सोयीचं आहे. सायकलीत वापरलं जाणारं 6061 अॅल्युमिनियम वेल्डिंगच्या जागी कमकुवत होतं, नंतर अख्खी फ्रेम भट्टीत तापवून त्याची ताकद परत आणावी लागते. टायटॅनियमला ते लागत नाही. म्हणून छोट्या कारखान्याला एका माणसाच्या मापाची एकच फ्रेम बनवणं परवडतं. तुम्ही पैसे मोजता ते खरं तर शिवणकामाचे.

शिवण मात्र चोख हवी. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखं शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून वेल्डिंग करताना जोडावर बाहेरून आर्गॉन वायू सोडतात आणि नळीच्या आतही भरतात. काम कसं झालं ते रंग सांगतो. चांदीसारखा किंवा फिक्या गवती रंगाचा जोड चांगला. गडद निळा म्हणजे शंका. राखाडी-पांढरा, भुकटीसारखा दिसला तर फ्रेम परत पाठवा. (हौसेने केलेला निळा, जांभळा, सोनेरी रंग वेगळा. तो विजेच्या दाबाने पृष्ठभागावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर चढवून आणतात. त्यात रंगद्रव्य नसतं; साबणाच्या फुग्यावर दिसतो तसलाच तो प्रकाशाचा खेळ.)

नळ्यांसाठी बहुतेक कारागीर 3 टक्के अॅल्युमिनियम आणि 2.5 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू घेतात. विमानांच्या हायड्रॉलिक नळ्या त्याच्याच. 6 आणि 4 टक्क्यांचा मिश्रधातू आणखी बळकट, पण त्याच्या नळ्या ओढणं जिकिरीचं, म्हणून तो बेअरिंगच्या खोबणीसारख्या कोरीव भागांना वापरतात. ‘आमची फ्रेम 6-4 ची आहे’ अशी जाहिरात दिसली तर भुलू नका. बळकटी जास्त असली तरी ताठपणा जवळपास तोच.

या धातूची किंमत खनिजाच्या दुर्मीळतेतून येत नाही. त्याचं खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, केरळात चवरा इथे तर मुबलक आहे. जगातलं बहुतांश इल्मेनाइट पांढऱ्या रंगाच्या डब्यात जातं. ऑक्सिजनची मिठी सोडवून त्यातून धातू काढणं महाग आहे: आधी क्लोरीनशी संयोग करायचा, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमने तो क्लोरीन हिसकावायचा आणि हाती लागलेला स्पंजासारखा गोळा निर्वात भट्टीत वितळवायचा.

ऑर्डर देताना सर्वांत जास्त प्रश्न विचारायचे ते बेअरिंगच्या खोबणींबद्दल. आजच्या हबना, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यांना, बहुधा 42 मिलिमीटर बाह्य व्यासाची बेअरिंग असतात. हबची रुंदी 100 की 125 मिलिमीटर, ते आपल्याच हबवर मोजून कळवा. 36 इंची चाकाला रुंद हब चांगलं, कारण तारा जास्त तिरक्या बसतात आणि चाक बाजूला कमी लवतं. वेल्डिंगच्या उष्णतेने नळ्या खेचल्या जातात, त्यामुळे दोन खोबणी एका रेषेत राहतीलच असं नाही. वेल्डिंगनंतर त्या पुन्हा कोरून एका रेषेत आणता का, हे विचारा. रेषा चुकली तर बेअरिंग कायम तिरकं दाबलं जातं आणि चाक जड फिरतं. क्रँकच्या एका फेरीत चाक दीड फेरी फिरवणारं, आतच गिअर असलेलं श्लम्प्फ हब लावायचं असेल तर ते आधीच सांगा, कारण त्या हबचा उलटा पीळ फ्रेमलाच धरून ठेवावा लागतो. सीटपोस्ट अॅल्युमिनियमची असेल तर बसवताना ग्रीस लावा आणि अधूनमधून बाहेर काढा. घामाच्या खारट पाण्यात टायटॅनियमशेजारी अॅल्युमिनियम झिजतं आणि पोस्ट आत कायमची अडकते.

राहिला पायांचा प्रश्न. नळी 6.4 मिलिमीटरने जाड झाली आणि आतली बाजू टायरने अडवलेली, म्हणजे सगळी जाडी बाहेर, पोटरीच्या दिशेने येते. फ्रेम मागवण्याआधी प्लंबिंगच्या दुकानातून 32 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणा, उभा चिरून सध्याच्या फ्रेमच्या पायांवर बाहेरून टेपने बांधा आणि आठवडाभर चालवा. पोटरीवर घासल्याची खूण उमटली तर कारागीर कदाचित नळी बाजूने चपटी करून देतो म्हणेल. नको म्हणा. ज्या दिशेला ताठपणा हवा, नेमका त्याच दिशेचा तो कमी होईल. त्यापेक्षा 28.6 मिलिमीटरची, 1.2 मिलिमीटर भिंतीची नळी मागा. ताठपणा एक इंची पोलादी नळीच्या 95 टक्के, सव्वा इंचीच्या तुलनेत नळी 3 मिलिमीटरने बारीक आणि वजन साधारण 70 ग्रॅम जास्त, एका कटिंग चहाएवढं.