गवताचा जीव घेतो तो दुसरा घास

चराईबंदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘गुरं कमी करा, माळ आपोआप हिरवा होईल.’ गुरांची संख्या महत्त्वाची आहेच. पण एकटी गाय वर्षभर एकाच माळावर मोकळी सोडली, तरी ती आपल्या आवडीच्या गवताचा ठोंब पुरता मारू शकते. शेजारचं नावडतं गवत मात्र तसंच उभं वाळतं.

हे कोडं आंद्रे व्वाझँ यांनी फार सुंदर सोडवलं. फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत दिएपजवळ त्यांची घरची शेती आणि गाई होत्या, शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. १९५७ साली त्यांनी मांडलं की कुरण उजाड होतं ते गुरं किती यापेक्षा गवताला पुन्हा तोंड कधी लागतं यामुळे.

तुरीचे शेंडे खुडले की मुख्य खोडाची वाढ थांबते आणि बाजूला फांद्या फुटतात, कारण वाढीचं केंद्र टोकाला असतं. गवताचं उलट आहे. त्याची विभाजी ऊती, म्हणजे नव्या पेशी तयार करणारा भाग, पात्याच्या आणि पेरांच्या बुडाशी असते. गाईने वरचं पातं ओरबाडलं तरी खालून ते पुढे सरकत राहतं, आपली नखं वाढतात तसं. म्हणून पहिला घास गवताला मारत नाही.

पण नव्या पात्याला सुरुवातीचं अन्न कुठून मिळणार? हिरवा भाग उरलेला नाही, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जेमतेम. मग बुडखा आणि मुळांतली साठवण खर्ची पडते. क्रायडर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ साली छाटणीच्या प्रयोगांतून मुळांचं काय होतं ते दाखवलं. ४० टक्के पाला काढला तर मुळांची वाढ चालूच राहिली. ८० टक्के काढला तर ती १२ दिवस पूर्ण थांबली. ९० टक्के काढल्यावर १७ दिवस. म्हणजे ४० आणि ८० यांतला फरक दुपटीचा नाही, तर मुळं चालू असणं आणि बंद पडणं इतका आहे! अशा बंद अवस्थेत कोवळं, गोड पातं दिसलं म्हणून गाईने पुन्हा तोंड घातलं, तर साठवणीत भरायला काही उरत नाही. मुळं आखूड होतात आणि पहिल्याच उघडिपीत ठोंब वाळतो.

व्वाझँ यांचा उपाय कुरणाचे तुकडे पाडण्याचा. एका तुकड्यात गुरं थोडेच दिवस ठेवायची, पहिल्या दिवशी खाल्लेलं पातं पुन्हा दाताखाली येण्याआधी हलवायची. विश्रांतीचे दिवस मात्र ठरीव नाहीत. त्यांच्याकडे मे-जूनमध्ये साधारण १८ दिवस पुरत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ३६ लागत. कॅलेंडर पाहून गुरं हलवणाऱ्याचं इथेच चुकतं.

फिरत्या चराईने हवामानबदल उलटा फिरवता येतो, असे दावे हल्ली जोरात होतात. ते मला मान्य नाहीत. मातीत कार्बन वाढू शकतो, पण त्याला मर्यादा असते; रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू मात्र रोज बाहेर पडतोच.

आपल्या पवना-मारवेल गवतांच्या माळांना नॉर्मंडीचे आकडे लागू नाहीत. तिथे पाऊस बाराही महिने, इथे चार. पण पहिल्या पावसानंतरचा कोंब साठवणीवरच वर येतो, आणि उन्हाळाभर उपाशी राहिलेली गुरं नेमकी तेव्हाच आपण माळावर सोडतो. हिवरे बाजारमध्ये चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत रुजली. विळाही गवताला छाटतोच. फक्त कापणारा आठवड्याने त्याच ठोंबाकडे परत येत नाही.