करार संपला, तरी खेळाडू सुटत नव्हता

ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू आज एका क्लबची जर्सी घालून खेळत असतानाच पुढच्या मोसमासाठी दुसऱ्या क्लबशी करार करून मोकळा होतो. कराराचे शेवटचे वर्ष उरले की आदल्या १ नोव्हेंबरपासून त्याला उघड बोलणी करता येतात. मग वर्षभर प्रेक्षकांची ओरड चालते, की हा मनाने केव्हाच गेला. पण ही मोकळीक खेळाडूंना कोर्टात भांडून मिळवावी लागली आहे.

या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामना खेळले की त्यांचा रोज बुडायचा. तो भरून देण्याचा प्रस्ताव रग्बीच्या मूळ संघटनेने १८९३ मध्ये फेटाळला आणि १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमलेले क्लब तिच्यापासून वेगळे झाले. भरपाई ठरली दिवसाला ६ शिलिंग. १८९८ मध्ये उघड मानधन आले, तेही खेळाडूला दुसरी नोकरी असेल तरच. सिडनीत १९०८ पासून हाच खेळ सुरू झाला. तिथे कितीतरी वर्षे नियम असा होता, की ज्या भागात राहता त्याच भागाच्या क्लबकडून खेळायचे.

तो नियम गेला आणि त्याच्या जागी ‘रिटेन अँड ट्रान्स्फर’ आले. हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडच्या क्रिकेट लिलावाच्या बातम्यांत ‘रिटेन’ म्हणजे मान, वर भरघोस पैसा. सिडनीत मात्र करार संपल्यावरही क्लब खेळाडूचे नाव राखीव यादीत ठेवू शकत असे. त्याला पैसे द्यायचे बंधन नाही, आणि त्याला दुसरीकडे खेळायची परवानगीही नाही. सोडायचेच ठरले तर त्याच्यावर किंमत लावायची, आणि ती दुसऱ्या क्लबला परवडली नाही तर तो पुन्हा दावणीलाच. याला क्लबनिष्ठा म्हणणे मला पटत नाही.

सिडनीच्या बालमेन क्लबच्या एका फॉरवर्डने, म्हणजे आघाडीच्या फळीतल्या खेळाडूने, हे सोसायचे नाकारले. क्लब सोडेना, म्हणून १९६९ चा अख्खा मोसम तो मैदानाबाहेर बसला. त्याच वर्षी बालमेनने अंतिम सामन्यात बलाढ्य साऊथ सिडनीला ११-२ असे हरवले. खेळाडूच्या आयुष्यात असा दिवस बहुधा एकदाच येतो, आणि तो याने हक्कापायी गमावला. डिसेंबर १९७१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एकाच गटात फार ताकद एकवटू नये हा उद्देश रास्त असेल, पण त्यासाठी करार संपलेल्या माणसाला अडकवून ठेवणे वाजवीपेक्षा जास्त आहे, असे न्यायाधीशांनी ठरवले. ‘हा तर अर्धवेळ खेळतो, पोट दुसऱ्या कामावर भरतो’ हा बचावही टिकला नाही. खेळण्याचे पैसे मिळतात म्हणजे तो रोजगारच.

तरीही वीस वर्षांनी तोच हेतू ‘ड्राफ्ट’ या नव्या नावाने परत आला. क्लब बदलू पाहणाऱ्याने आपली रक्कम सांगायची आणि गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबांनी आधी निवड करायची. कुठे जायचे हे मात्र खेळाडूच्या हाती नाही. साऊथ सिडनीच्या ‘सेंटर’ या जागी खेळणाऱ्या एका कोवळ्या खेळाडूला वेस्टर्न सबर्ब्सकडे जायचे होते, त्याला ईस्टर्न सबर्ब्सने उचलले. दीडशेच्या वर खेळाडू कोर्टात गेले. पहिला निकाल त्यांच्या विरोधात गेला, पण १९९१ मध्ये अपिलात ड्राफ्ट रद्द झाला. ड्राफ्टमुळे दुबळे क्लब तगले असते, असे म्हणणारे आजही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, पण त्याची किंमत एकट्या खेळाडूने का मोजावी, याचे उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही.

१९९५ ते ९७ मध्ये सामने दाखवण्याच्या दूरचित्रवाणी हक्कांवरून पेटलेल्या युद्धात दोन गट खेळाडूंच्या दारात चेकबुक घेऊन उभे राहिले आणि मानधन एकदम वर गेले. १९९६ मध्ये इंग्लंडचा मोसम हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला आणि तिथेही पूर्णवेळ खेळण्याची रीत रुजली.

क्लबांमध्ये बरोबरी राखण्याचा भार आता वेतनमर्यादेवर आहे. क्लब एकूण किती खर्च करतो ते मोजले जाते आणि खेळाडू मोकळा राहतो. मर्यादा चोरून ओलांडल्याबद्दल २०१० मध्ये मेलबर्नच्या क्लबची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. २०१० च्या मोसमातले उरलेले सामने त्यांचे खेळाडू खेळले, पण जिंकूनही गुण मिळत नव्हते.