कांपालच्या उद्यानात दडलेले डबे : शोधायला निघण्याआधी

पणजीत मांडवीकाठच्या फ्रान्सिस्को लुईस गोमिश उद्यानात आम्ही पाच डबे दडवले आहेत. प्रत्येकात एक वही आणि एक रबरी शिक्का. डबा सापडला की त्यातला शिक्का तुमच्या वहीत उमटवायचा, तुमचा स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तिथे परत. घरी न्यायचं असतं ते फक्त शिक्क्याचं चित्र. लेटरबॉक्सिंग नावाचा हा खेळ मूळचा इंग्लंडमधल्या डार्टमूरचा. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी भेटकार्डं टाकायला एक बाटली ठेवली. पुढे लोक तिथे पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. मागून येणारा ती नेऊन टपालात टाकी. खेळाचं नाव त्यावरूनच पडलं.

शिक्का घरीच कोरून या. तुम्हाला दिलेल्या संचातल्या बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, कागद पांढऱ्या खोडरबरावर पालथा ठेवा आणि नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छापताना सुलटं येतं. थेट रबरावर नाव लिहून कोरलं तर छाप उलटा निघतो. ही चूक सर्रास होते. कोरताना रेषेच्या दोन्ही कडांना बाहेरच्या बाजूने उतार ठेवा. रेष खालून पोखरली गेली तर दोन-चार छापांतच तुटते. कटर मोठ्यांनीच चालवावा.

डब्याची वाट सांगणाऱ्या आमच्या खुणेतलं एक पाऊल म्हणजे ७५ सेंटीमीटर. संचातली सुतळी १५ मीटरची आहे. ती ताणून तिच्या कडेने नेहमीच्या चालीने चाला. २० पावलं पडली तर उत्तम. २४ पडली तर खुणेतल्या ५० पावलांच्या जागी तुम्हाला ६० चालावी लागतील. मुलांची पावलं वेगळी मोजा.

खुणा अशा असतात : ‘उद्यान ज्यांच्या नावाचं, त्यांच्या जन्मवर्षातले शेवटचे दोन आकडे मिळवा, तितकी पावलं २४० अंशांवर.’ गोमिश जन्मले १८२९ साली, म्हणून २ + ९ = ११. अंश होकायंत्रावर उत्तरेपासून उजवीकडे मोजायचे. होकायंत्र पोटासमोर आडवं धरा. लोखंडी कुंपण, विजेचा खांब, उभी मोटार, चुंबकाचं मोबाईल कव्हर यांच्याजवळ सुई भरकटते. चार पावलं बाजूला होऊन पुन्हा बघा. खरी उत्तर दिशा आणि सुई दाखवते ती उत्तर दिशा यांत गोव्यात जेमतेम अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या. पण तुमच्या वाचण्यात ५ अंशांची चूक झाली, तर ६० पावलांवर तुम्ही जवळजवळ ४ मीटर बाजूला पोचता. डबा दिसला नाही तर आधी तेवढ्या घेरात शोधा.

एकही डबा पुरलेला नाही. माती उकरू नका, जांभ्याचा चिरा हलवू नका, झाडाची साल सोलू नका. बेचक्यात हात घालण्याआधी काठीने चाचपा. तांबड्या मुंग्या असतात, क्वचित साप. आसपास माणसं असतील तर ती पुढे जाईपर्यंत थांबा, नाहीतर जागा फुटते.

आमचं खरं भांडण दमटपणाशी आहे. नदीकाठच्या हवेत वहीची पानं आठवड्याभरात चिकटतात. म्हणून वही दुहेरी झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. शिक्का पॅडवर दाबू नका. शिक्का उताणा धरून पॅडच त्यावर हलके टेकवा, नाहीतर खाचा शाईने भरतात. छाप वाळू द्या, मध्ये टीपकागद ठेवा. नाव-तारीख पेन्सिलीने लिहा, ती ओल लागली तरी फुटत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा, झिप बोटाने दोनदा फिरवा, मग डब्याचं झाकण चारही बाजूंनी खटकेपर्यंत दाबा. एक बाजू उघडी राहिली की पुढच्याला वहीचा लगदा सापडतो, आणि आधी आलेल्या सगळ्यांचे छाप गेलेले असतात.

जून ते सप्टेंबर डबे आम्ही काढून घेतो. एरवी डबा जागेवर नसेल किंवा आत पाणी दिसलं, तर खुणांच्या कागदामागच्या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा. ओली वही उघडायचा प्रयत्न करू नका, आहे तशीच ठेवा; सावकाश वाळवली तर पुष्कळदा वाचते.