नव्या गिटारचा व तिच्या पेटीचा वास

नवी अकूस्टिक गिटार पेटीतून प्रथम बाहेर काढताना येणारा मिश्र वास. लाकूड, रोगण, सरस, प्लायवूड आणि पेटीचे अस्तर यांतून सावकाश सुटणारी बाष्पनशील द्रव्ये बंद जागेत साठल्यामुळे तो निर्माण होतो. ‘पेटी’ हा शब्द येथे गिटार ठेवण्याच्या कडक खोक्याला उद्देशून आहे. गोव्यातील भजनी मंडळांत आणि नाट्यसंगीताच्या बैठकीत पेटी म्हणजे हार्मोनियम, त्यामुळे बोलताना मराठी वादक सहसा ‘केस’ किंवा ‘बॅग’ असेच म्हणतात.

गिटारच्या पुढील फळीसाठी प्रामुख्याने स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर ही सूचिपर्णी लाकडे वापरतात. स्प्रूसचा वास त्याच्या राळेतील पायनीन, लिमोनीन यांसारख्या टर्पिनांचा, म्हणजे सहज उडून जाणाऱ्या वासाच्या द्रव्यांचा, असतो. तो सौम्य, टर्पेंटाइनच्या जातीचा असून लाकूड वाळत जाते तसा लवकर विरतो. वेस्टर्न रेड सीडर, शास्त्रीय नाव थूजा प्लिकाटा, हे नावाने सीडर असले तरी देवदाराच्या वंशातले नव्हे. त्याच्या गाभ्याच्या लाकडात मेथिल थूजेट आणि थूजाप्लिसिने असतात. वासाचा मोठा भाग पहिल्याचा, तर लाकूड न कुजण्याचा गुण मुख्यतः दुसऱ्यांचा मानला जातो. अभिजात पद्धतीच्या (क्लासिकल) गिटारची मान पुष्कळदा ‘स्पॅनिश सीडर’ची असते. तेही सीडर नव्हे, स्पेनमधलेही नव्हे. ते उष्णकटिबंधीय अमेरिकेतील सेड्रेला ओडोराटा असून कडुनिंब आणि महोगनी यांच्या कुलात मोडते. सिगारच्या खोक्यांना येणारा गोडसर वास याच लाकडाचा. मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही, कारण मिरजेच्या तंबोऱ्यासाठी व सतारीसाठी वापरले जाणारे तून हे लाकूड सेड्रेलाचे निकटचे नातेवाईक असून पूर्वी त्याची गणना सेड्रेला याच प्रजातीत होत असे. नव्या तंबोऱ्याजवळ ज्याने नाक नेले आहे, त्याला हे नाते वर्गीकरणाचे पुस्तक न उघडताही पटावे.

पाठ आणि बाजू यांसाठी महोगनी किंवा शिसवी वापरतात. भारतीय शिसवी, डाल्बर्जिया लॅटिफोलिया, पश्चिम घाटात वाढते. ब्राझिली शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ साली धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टामुळे जवळपास बंद झाला; तिची जागा मुख्यतः भारतीय शिसवीने त्याआधीपासूनच घेतली होती. इंग्रजीत शिसवीला गुलाबावरून नाव पडले ते तिच्या वासामुळे, फुलामुळे नव्हे. मात्र हा वास कापताना आणि तासतानाच दरवळतो. गोव्यातील जुन्या घरांतल्या शिसवी खुर्च्या व कपाटे याच लाकडाची असूनही त्यांना गुलाबाचा वास येत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लाकडावरील रोगणाचा वास वेगळा. एकोणिसाव्या शतकात चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर देत. आजही उत्तम अभिजात गिटारांवर हेच पॉलिश असते. १९२० च्या दशकापासून फवाऱ्याने मारण्याचे नायट्रोसेल्युलोज लॅकर रूढ होत गेले. ते केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते आणि शेवटचा अंश जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात; त्यामुळे अशी गिटार विकत घेतल्यानंतरही बराच काळ गोडसर, किंचित झोंबणारा वास देत राहते. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर हे रासायनिक अभिक्रियेने घट्ट होत असल्याने त्यांचा वास तुलनेने लवकर ओसरतो. पिकगार्ड, म्हणजे पुढील फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पातळ पत्रा, सेल्युलॉइडचा असेल तर अंगठ्याने तो जोराने घासून गरम करावा; आरतीच्या ताटातल्या कापराचाच वास येतो, कारण सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासूनच बनते.

पेटी म्हणजे प्लायवूडचे खोके, बाहेरून रेक्झिन आणि आतून लांब लवीचे मखमली अस्तर. प्लायवूडच्या सरसातून फॉर्माल्डिहाइड, अस्तर चिकटवण्याच्या गोंदातून टोल्यूइनसारखे द्रावक आणि रेक्झिनमधून पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्ये सुटतात. गिटारकडून येणारे वासही लव शोषून घेते व झाकण उघडताच परत देते.

या वासाचे मूळ लाकडात मानावे की रोगणात, याविषयी वाद्ये घडवणारे आणि वाजवणारे यांच्यात एकमत नाही. कारागीर बहुधा लाकडाला श्रेय देतात; त्यांच्या नाकाशी ताजा भुसा असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. तयार गिटारचा बाहेरचा पृष्ठभाग रोगणाने बंद झालेला असतो, पण आतली बाजू सहसा कोरीच ठेवतात. म्हणून नादछिद्राशी नाक नेले असता लाकडाचा, वरच्या फळीवर नेले असता रोगणाचा आणि पेटीचे झाकण उघडल्याच्या क्षणी गोंदाचा वास प्रबळ ठरतो. ‘नव्या गिटारचा वास’ म्हणून जो आठवणीत राहतो, त्यात पेटीचा वाटा सामान्यतः समजला जातो त्याहून मोठा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या स्वस्त गिटारी थरांच्या, म्हणजे प्लायवूडसारख्या चिकटवलेल्या, फळीच्या असतात. त्यांत तर लाकडाचा वास नाममात्रच उरतो.

गोव्यात पोर्तुगीज अमलात (१५१०–१९६१) युरोपीय तंतुवाद्ये रुजली आणि मांडो या कोकणी गीतप्रकाराच्या साथीला घुमट या तालवाद्याबरोबर व्हायोलिन व गिटार आली. पोर्तुगीज भाषेत ‘व्हियोला’ हे नाव गिटारला, तर ‘गितार्रा’ हे बारा तारांच्या, नासपतीच्या आकाराच्या निराळ्या वाद्याला दिले जाते. शिवाय सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. त्यामुळे त्याआधीच्या उल्लेखांतील व्हियोला म्हणजे आजची गिटार असे धरता येत नाही, आणि लॅकर व रेक्झिन यांचा वास तर सर्वस्वी विसाव्या शतकातला.

गोव्याच्या हवेत हा वास फार काळ शुद्ध राहत नाही. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. पावसाळ्यात ती येथे ८० टक्क्यांच्या वर असते. ५० टक्के आर्द्रतेला लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असते, ८० टक्क्यांना ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते. फळी फुगते, तारा उंच होतात आणि जुलैत उघडलेल्या पेटीतून कुबट वास येतो. तो अस्तरावरील बुरशीचा. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकतात खऱ्या, परंतु त्या लवकरच पाण्याने भरतात व तव्यावर किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा ठेवाव्या लागतात. कपाटाच्या सवयीने काही जण पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवतात. त्यांचा दर्प लवीत मुरतो आणि पेटी उन्हात उघडी ठेवूनही कित्येक दिवस जात नाही.