सायटिसीन

लॅबर्नम या शिंबावंत कुलातील लहान वृक्षाच्या बियांत असणारे विषारी अल्कलॉइड (वनस्पतिजन्य नत्रयुक्त द्रव्य). बेताच्या मात्रेत ते धूम्रपान सोडवणारे औषध म्हणून दिले जाते. दक्षिण व मध्य यूरोपातल्या या झाडाला पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. त्या साम्यामुळे आपल्या बहाव्याला इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात. पण बहावा वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याच्या मगजाचा रेचक गुण अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्यांमुळे येतो, सायटिसीनमुळे नव्हे. धूम्रपान सोडण्यासाठी बहाव्याच्या शेंगा कोणी वापरू नयेत.

नावाचा प्रवास गुंतागुंतीचा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये हे झाड ‘सायटिसस’ प्रजातीत घातले. पुढे ते वेगळे काढले गेले, तरी अल्कलॉइडाच्या नावात जुनी प्रजाती टिकली. प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी गुरांचा उत्तम चारा म्हणून वाखाणलेला ‘कितिसॉस’ बहुधा मेडिकॅगो आर्बोरिया हे झुडूप असावे. तसे असल्यास चाऱ्याचे नाव विषाला चिकटले असे म्हणावे लागते. ‘सायटिसीन’ हे नाव १८१८ च्या सुमारास एका अशुद्ध अर्काला दिलेले आढळते. शुद्ध द्रव्य वेगळे काढण्याचे श्रेय सामान्यतः हूझेमान व मार्मे (१८६५) यांना देतात.

धूम्रपानाशी त्याची सांगड केव्हा पडली याबद्दल एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना म्हणून सैनिक लॅबर्नमची पाने ओढत, ही कथा सर्रास सांगितली जाते. ती अशक्य नाही, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. डेल व लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच सायटिसीनची क्रिया निकोटिनसारखी असल्याचे दाखवले होते. शिवाय सोव्हिएट वैद्यकात ते श्वसन-उत्तेजक म्हणून परिचित होते. औषधाचा उगम या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. बल्गेरियात १९६४ पासून ‘टॅबेक्स’ नावाने गोळ्या मिळू लागल्या.

मेंदूतील निकोटिनच्या ग्राहींना (पेशींवरील ज्या जागांना निकोटिन चिकटते त्यांना), विशेषतः अल्फा-४ बीटा-२ या प्रकाराला, सायटिसीन बिलगते आणि त्यांना अंशतःच चेतवते. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि जागा आधीच अडल्याने ओढलेल्या सिगारेटची मजा उरत नाही. रूढ क्रम २५ दिवसांचा असून त्यात १.५ मिग्रॅ.च्या १०० गोळ्या लागतात. सुरुवातीला दर दोन तासांनी एक, दिवसाला सहा, मग हळूहळू कमी. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद करायची असते. मळमळ व झोपेच्या तक्रारी संभवतात.

पूर्व यूरोपाबाहेर हे स्वस्त औषध दशकानुदशके दुर्लक्षित राहिले, ही खेदाची गोष्ट होय. वॉर्सा येथील ७४० जणांच्या चाचणीत (२०११) वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ८.४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के होते. न्यूझीलंडमधील चाचणीत (२०१४) ते निकोटिनच्या पट्ट्या व गमपेक्षा सरस ठरले. याउलट बांगलादेश व पाकिस्तानातील क्षयरुग्णांत (२०२०), समुपदेशन सर्वांनाच मिळत असताना, गोळीचा वेगळा फायदा दिसला नाही. ब्रिटनमध्ये २०२४ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी त्याची शिफारस केली.

सायटिसीनचा रेणू पायाभूत धरून घडवलेले व्हॅरेनिक्लिन हे धूम्रपान सोडवणारे औषध २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते सहसा सिगारेट सोडण्याच्या ठरलेल्या दिवसाआधी आठवडाभर सुरू करून १२ आठवडे देतात. त्यावरील मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा मोठ्या चाचणीनंतर २०१६ मध्ये काढण्यात आला. तंबाखू चघळणाऱ्यांसाठीही व्हॅरेनिक्लिनची शिफारस आहे. आपल्याकडे हे महत्त्वाचे, कारण महाराष्ट्रात, २०१६-१७ च्या पाहणीनुसार, धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, गुटखा, मिश्री यांसारखे धूरविरहित पदार्थ वापरणारे २४.४ टक्के होते.